दोनशे बारा नंबरचं पाकीट

मामांच्या नाकाविषयी घरात दोन मतं होती. मामांचं मत असं, की एवढं तयार नाक अख्ख्या गल्लीत नाही. डार्करूमच्या अंधारात कुठल्या ट्रेमध्ये कुठलं द्रावण आहे, हे ते नुसत्या वासावरून सांगत. मामीचं मत असं, की चाळीस वर्षं त्या ट्रेंवर वाकून वाकून नाक केव्हाच कामातून गेलंय, आता ते फक्त चष्मा टेकवायला उरलंय. भाचीने यात कुणाचीच बाजू घ्यायची नाही असं ठरवलं होतं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती नुकतीच मोकळी झाली होती आणि मोजल्याशिवाय मत द्यायचं नाही, ही सवय तिला तिथे लागली होती. पण पंधरा दिवसांसाठी म्हणून ती मामांकडे आली, आणि तिसऱ्याच दिवशी मोजायची वेळ आली.

ती आली होती निगेटिव्ह आवरायला. मामांचा स्टुडिओ बंद होऊन सहा वर्षं झाली होती. खाली दुकान, वर घर. दुकानात आता एक चष्मेवाला बसत होता आणि स्टुडिओचं झाडून सगळं सामान जिना चढून वर आलं होतं. निगेटिव्ह किती आहेत असं विचारलं की मामा म्हणत, असतील की भरपूर. भाचीने पहिल्या सकाळी कपाटाचा एक खण मोजला, खणांच्या संख्येने गुणलं आणि अकरा हजारांच्या आसपास असा आकडा काढला. दुपारपर्यंत मामांनी तो आकडा तिघांना फोन करून कळवला होता, आणि तिसऱ्या फोनपर्यंत तो तेरा हजार झाला होता.

हे सगळं वाचनालयात जायचं होतं. वाचनालयाने जुन्या छायाचित्रांसाठी एक थंड, कोरडी खोली तयार केली होती. तिथल्या ग्रंथपालबाई स्वतः येऊन पाहून गेल्या होत्या. माणूस गोड, पण अटींना पक्का. प्रत्येक निगेटिव्ह स्वच्छ कागदी पाकिटात हवी, पाकिटावर पेन्सिलीने नंबर हवा, आणि आजारी फिल्म एकही नको, कारण एक आजारी फिल्म शेजारच्या दहांना आजारी करते. आजारी कशी ओळखायची याचा छापील कागदही त्यांनी दिला होता. मामांनी तो न वाचता घडी घालून खिशात ठेवला आणि सांगितलं, की आमच्याकडे आजारी कुणी नाही. पुढच्या शनिवारी पहिली गाडी येणार, तोवर तयार होतील तेवढ्या न्यायच्या, असं ठरलं.

मामांचा जीव मात्र अकरा हजारांत नव्हता, एकीत होता. संग्रहात पहिला नंबर लागेल त्या निगेटिव्हची मोठी प्रिंट करून खोलीच्या दाराशी लावायची, असं बाईंनी कबूल केलं होतं. ती निगेटिव्ह कुठली, हे मामांनी त्यांच्या पाठीमागे जिना उतरता उतरताच ठरवून टाकलं होतं. मामीची. लग्नाच्या आधीची. हसणारी.

ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती, आणि तिच्याविषयीही दोन मतं होती. मामी तेव्हा टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीला अर्ज करत होती आणि अर्जावर लावायला फोटो हवा म्हणून स्टुडिओत आली होती. इथपर्यंत दोघांचं एकमत. पुढे मामा सांगत, की त्यांनी असा काही विनोद केला की मुलगी खळखळून हसली, आणि त्यांनी बरोबर तो क्षण टिपला. मामी सांगे, की विनोद कसला आलाय, या माणसाने हनुवटी वर करा, खांदे खाली घ्या असं करत तीन फोटो काढले, तिन्ही वेळा लेन्सवर टोपी तशीच. कॅमेरा असा होता की बघायची काच वेगळी आणि लेन्स वेगळी, त्यामुळे यांना पत्ताच नाही. तीनदा तिने सोसलं, चौथ्यांदा बोट दाखवलं. मग हसणार नाही तर काय करणार?

"टोपी नव्हती," मामा म्हणत.

"होती," मामी म्हणे, आणि भाजी ढवळायला जाई.

छत्तीस वर्षं हा खटला चालू होता. त्या हसऱ्या फोटोची एकच प्रिंट झाली होती. ती फ्रेम करून दुकानाच्या दर्शनी काचेत लावली होती. एका ओल्या ऋतूत ती फ्रेमच्या काचेला अशी चिकटली, की सोडवताना मामीचा चेहरा काचेवर राहिला आणि मामांच्या हातात फक्त वेणी आली. दुसरी प्रिंट काढू, निगेटिव्ह आहे की, असं मामा म्हणाले. निगेटिव्ह आहे म्हणून घाई नव्हती, आणि घाई नव्हती म्हणून ती कधी निघालीच नाही.

आणि निगेटिव्ह कुठे, तर खास डब्यांत. असे सहा डबे होते. बिस्किटांचे, पत्र्याचे, गोल झाकणाचे. आयुष्यातलं जे जे उत्तम, ते मामांनी या डब्यांत भरलं होतं. झाकणाच्या कडेला मेण ओतलं होतं, वर चिकटपट्टीचे तीन फेरे मारले होते, आणि कुणाचा हात पोचू नये म्हणून डबे स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवले होते, शेगडीच्या बरोबर वर. हवेचा कणसुद्धा आत जायचा नाही, असं ते पाठ थोपटून घ्यावी तशा सुरात सांगत.

उरलेल्या फ्रेम, म्हणजे डोळे मिटलेल्या, हललेल्या, बऱ्या पण खास नसलेल्या, त्या साध्या कागदी पाकिटांत होत्या. मामा रोल डेव्हलप झाला की एकेक फ्रेम कापून वेगळी करत. उत्तम ती डब्यात, त्याच गिऱ्हाइकाच्या बाकीच्या पाकिटात, दोन्हींवर त्या गिऱ्हाइकाचा नंबर एकच. फेकायचं मात्र काहीच नाही, कोरी फ्रेमसुद्धा नाही, कारण रोलमध्ये बारा म्हणजे हिशेबाला बारा लागल्या पाहिजेत, हा त्यांच्या गुरूंचा दंडक. ही पाकिटं आधी पलंगाखाली होती. मामीने एक दिवस ती तिथून काढून बाहेरच्या लांब व्हरांड्यात नेली, आणि फ्रीज आल्यावर तिचं दुधातुपाचं जाळीचं कपाट रिकामं झालं होतं, त्यात रचून टाकली. व्हरांड्यात ऊन कधी येत नसे, वारा मात्र सतत. मामांच्या मते ती पाकिटांची हकालपट्टी होती. मामीच्या मते पाहुण्यांना पलंगाखाली पाय सोडायला जागा झाली होती.

भाचीने कामाला सुरुवात केली ती याच कपाटापासून. सुती हातमोजे घालायचे, निगेटिव्ह कडेला धरायची, उजेडासमोर बघायची, मऊ ब्रशने धूळ झटकायची, नव्या पाकिटात सरकवायची. गठ्ठ्यांचे रबरबँड तिने आधी काढून टाकले, त्यातलं गंधक चांदीला काळं पाडतं म्हणून. मग वर्तमानपत्रांचे तुकडे, मग डांबराच्या गोळ्या. मामा शेजारी स्टूलवर बसून प्रत्येक निगेटिव्हमधल्या माणसाचं पुढे काय झालं ते सांगत. हा दंतवैद्य झाला. या दोघी बहिणी, पुढे बोलेनाशा झाल्या. अशाने तासाला चाळीस निगेटिव्ह होत होत्या. मामा चहाला उठले की सत्तर होत.

तिसऱ्या दिवशी मामांनी माळ्यावरून डबे उतरवले. भाची शिडी धरून खाली उभी होती. पहिला डबा तिच्या हातात आला आणि तिचं नाक आपोआप आक्रसलं. मेणाला कुठेतरी तडा गेला होता आणि तिथून आंबट, झोंबरा वास येत होता. व्हिनेगरचा.

"मामा, हा वास कसला?"

मामांनी हुंगलं आणि त्यांचा चेहरा उजळला. हा तर कामाचा वास, ते म्हणाले. डेव्हलपरमधून काढलेली फिल्म दुसऱ्या ट्रेमध्ये बुडवतात, त्या ट्रेचा. डबे अजून ताजे आहेत म्हणायचे.

भाचीने डबा लगेच खाली ठेवला. त्या दुसऱ्या ट्रेमध्ये असतं ते अॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. मामांचं बरोबर होतं. फक्त तो ट्रे डब्यात नव्हता. जुन्या फिल्मचा पाया, म्हणजे चित्राखालची प्लॅस्टिकची पट्टी, उष्णतेने आणि दमटपणाने कुजायला लागला की त्यातून हेच आम्ल सुटतं. आणि सुटलेलं आम्ल बाहेर जायला वाट नसली की तेच आणखी कुजवतं. दुसऱ्या कुठल्याही माणसाने डब्याचं झाकण उघडून नाक मुरडलं असतं. मामांना मात्र इतकी वर्षं त्या वासाने माळ्याजवळून जाताना बरंच वाटत आलं होतं.

मामीने स्वयंपाकघरातून सांगितलं, की वास तिच्या कांद्यांच्या बरणीचा असेल, कालच नवं व्हिनेगर ओतलंय. भाचीला हे खोटं ठरावं असं वाटत नव्हतं, म्हणूनच ते तपासणं भाग होतं. तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीसाला गाठलं, ओळखीवर छोट्या बाटलीभर दर्शक द्रावण आणलं, गाळण कागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून दोरीवर वाळत घातल्या. पट्ट्या निळ्या. आम्लाची वाफ लागली तर हिरव्या, फार लागली तर पिवळ्या. सहा पट्ट्या मेणाला बारीक फट पाडून सहा डब्यांत, सहा जाळीच्या कपाटाच्या खणांत, एक कांद्यांच्या बरणीशेजारी, एक रिकाम्या खोलीत. मामांना तिने सांगितलं की वाचनालयाचा नियम आहे. ते खोटं नव्हतं, मामांच्या खिशातल्या कागदावर तसं लिहिलेलंच होतं.

दुसऱ्या सकाळी तिने चौदा पट्ट्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या. रिकाम्या खोलीची निळी. बरणीशेजारची निळी. माझे कांदे सुटले एकदाचे, मामी म्हणाली. जाळीच्या कपाटातल्या सहाही निळ्या, एकीची कडा जरा हिरवट. डब्यांतल्या सहाही पिवळ्याधमक.

मामांनी ओळ दोनदा पाहिली. मग त्यांनी खिशातला कागद काढला, उलगडला आणि पहिल्यांदाच वाचला.

"म्हणजे कपाटातली माणसं ठणठणीत," ते हळूच म्हणाले, "आणि डब्यातली आजारी."

पहिल्या डब्याचं उरलेलं मेण त्यांनी स्वतः खरवडलं. दोनशे बारा नंबरची चिठ्ठी लावलेली निगेटिव्ह सगळ्यांत वर होती. भाचीने ती उजेडासमोर धरली. फिल्म आकसली होती, आणि वरचा चित्राचा थर न आकसता तसाच राहिल्यामुळे त्याला सुरकुत्यांचं जाळं पडलं होतं. हसणारी मामी त्या जाळ्यात कुठेतरी होती. एक डोळा लागत होता, दातांची ओळ लागत होती, मधलं सगळं ओल्या कपड्यासारखं चुरगळलेलं.

चित्राचा थर पायापासून सोडवून सपाट करणारे तज्ज्ञ असतात, हे भाचीने सांगितलं. ते काम कठीण आहे आणि जमेलच असं नाही, हेही सांगितलं. मामांनी मान हलवली. एवढा बंदोबस्त केला होता, एवढंच ते बोलले, आणि व्हरांड्यात जाऊन पेन्सिलींना टोकं करत बसले.

दिवसभर त्यांनी टोकंच केली. घरात होत्या नव्हत्या तेवढ्या पेन्सिली संपल्यावर भाचीच्या पेटीतल्या घेतल्या. कुणाचं पुढे काय झालं, हे एकदाही सांगितलं नाही. भाचीच्या तासाला ऐंशी निगेटिव्ह झाल्या आणि तिला एकीतही गोडी वाटली नाही. शनिवारला दोन दिवस उरले होते. पहिल्या नंबरावर दुसरी कुठली लावायची, असं तिने एकदा विचारून पाहिलं. लाव कुठलीही, मामा म्हणाले, दंतवैद्याची लाव.

हे मामीने ऐकलं. ती हात पुसत बाहेर आली, आणि भाचीला म्हणाली, मोठ्याने, म्हणजे ज्याला ऐकू जायचं त्याला जावं एवढ्या:

"अगं, मी त्या दिवशी काही एकदाच हसले नाही. पाच मिनिटं हसत होते. एकच फोटो कसा निघेल?"

भाचीच्या हातातली पेन्सिल थांबली. अकरा हजारांची जुळवाजुळव करणाऱ्या तिला हे सुचू नये, याची तिला लाज वाटली. उत्तम ती डब्यात, बाकीच्या पाकिटात, आणि नंबर एकच.

तिने दोनशे बारा शोधायला घेतलं. एकशे नव्वदपासून पुढे ओळीने लागत होतं, पण दोनशे अकरानंतर एकदम दोनशे तेरा. तिने खालचा खण उपसला, मग त्याच्या खालचा. मामा टोकं करायचे थांबले होते, पण उठत नव्हते. शेवटी ते पाकीट सापडलं ते खणात नाहीच, खणाच्या मागे; घसरून जाळीला टेकून उभं राहिलेलं, म्हणजे सगळ्यांत जास्त वारा त्यालाच लागलेला.

आत पाच फ्रेम होत्या. भाचीने हातमोजे बदलले आणि त्या एकेक करून उजेडाच्या पेटीवर ठेवल्या.

पहिली कोरी. काचेसारखी आरपार, एक ठिपका नाही. दुसरी कोरी. तिसरी कोरी.

ज्या फिल्मला उजेड लागलेलाच नाही, ती डेव्हलप झाल्यावर अशी दिसते. हे भाचीला ठाऊक होतं. मामांना तिच्या जन्माआधीपासून ठाऊक होतं. मामीला ठाऊक नव्हतं, पण तिला तीनपर्यंत मोजता येत होतं.

"तीन," मामी म्हणाली. "मोज गं पुन्हा. तुम्ही शास्त्रवाले दोनदा मोजता ना?"

मामा म्हणाले की तेव्हाच्या फिल्मच्या पहिल्या दोनतीन फ्रेम वाया जातच असत. भाचीने फ्रेमच्या कडेला छापलेले आकडे वाचले. पाच, सहा, सात. मामांनी चष्मा काढून पुसला.

पुढची फ्रेम अर्जावर गेलेल्या फोटोची. मामी सरळ बसलेली, ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले. नोकरी देणाऱ्यांनी हिला दाढदुखी आहे असंच समजलं असणार. आणि शेवटच्या फ्रेमवर भाचीने भिंग धरलं आणि धरूनच ठेवलं.

कॅमेरा हलून उजवीकडे वळला होता. डाव्या अर्ध्या भागात मामी, डोकं मागे टाकून, एक हात पोटावर, हसण्याच्या भरात स्टूलवरून निम्मी घसरलेली. उजव्या अर्ध्या भागात गिऱ्हाइकांनी केस विंचरायचा आरसा, आणि आरशात, कॅमेरा छातीशी धरलेला, केस उभे राहिलेला, तोंडभर हसणारा एक काटकुळा तरुण. कॅमेऱ्यातून तो बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, आणि बटण बोटाखाली चुकून दाबलं गेलं होतं. त्याच्या दुसऱ्या हातात, अगदी स्पष्ट, लेन्सची टोपी.

निगेटिव्ह या कडेपासून त्या कडेपर्यंत सपाट होती. कुठे सुरकुती नाही, वास नाही.

"ही मी फुकट गेलेल्यांत टाकली होती," मामा म्हणाले. "फोटोग्राफर फोटोत दिसला की फोटो फुकट. गुरूंचा नियम."

मामी भिंगातून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "केस काय होते हो तुमचे."

शनिवारी ग्रंथपालबाई गाडी घेऊन आल्या. तयार झालेल्या पाकिटांची खोकी भरली गेली, उभी, सैल, एकमेकांना न दाबणारी. भाचीने पट्ट्यांचा तक्ता पुढे केला, तो त्यांनी वाचनालयात लावायला मागून घेतला. सहा डब्यांचं काय करायचं, हा प्रश्न होताच. ती फिल्म खोलीत चालणार नव्हती, आणि टाकून द्यायला मामा तयार नव्हते. भाचीने सांगितलं, की थंडीत कुजणं जवळपास थांबतं. वाळवून दुहेरी पिशव्यांत बंद करून गोठवून ठेवल्या तर तज्ज्ञ मिळेपर्यंत त्या तग धरतील. फक्त बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर दव धरतं. हे बोलून झाल्यावर तिघांनीही मामीकडे पाहिलं.

मामीच्या फ्रीजमध्ये बर्फाचा कप्पा एकच होता आणि तो मटारने भरलेला असे. तिने थोडा वेळ विचार केला, म्हणजे तसं दाखवलं. मग अर्धा कप्पा देऊ केला, एका अटीवर. दोनशे बारा नंबरच्या पाकिटात काय काय आहे ते सगळं वाचनालयाच्या पाकिटावर लिहायचं, आणि ते मामांच्या अक्षरात.

बाईंनी नवं पाकीट टेबलावर ठेवलं, अजून रिकामं. वरच्या कोपऱ्यात संग्रहाचा नंबर त्यांनीच घातला: एक. मामांनी परवा केलेल्या टोकांतलं सगळ्यांत चांगलं टोक निवडलं. लिहिलं, स्टुडिओ क्रमांक दोनशे बारा, एकूण फ्रेम पाच. चौथी, अर्जासाठी. पाचवी, आरशासह, मोठ्या प्रिंटसाठी. मग पहिल्या तिनांशी येऊन ते थांबले. कोऱ्या, असं लिहिलं तर चालेल का, त्यांनी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या की कारण माहीत असेल तर नोंदवणं चांगलं, पुढच्या लोकांना उपयोग होतो. बाई गोड, पण अटींना पक्क्या.

मामांनी मामीकडे पाहिलं. मामी व्हरांड्याच्या दाराला टेकून मटार सोलत होती.

पहिल्या तीन, मामांनी लिहिलं, कोऱ्या, लेन्सवर टोपी.

"पेन्सिलीनेच का लिहायचं?" मामीने विचारलं.

शाई फुटते, उडते. पेन्सिल शंभर वर्षं राहते, भाचीने सांगितलं.

"मग जरा दाबून लिहा."

"दाबू नका मामा," भाची म्हणाली, "मागे उमटेल."

"उमटू दे," मामी म्हणाली, आणि एक दाणा तोंडात टाकला.